केमो जिल्ह्यात आली, तापाचे काय?

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य विभाग,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत स्तनकर्करोगासाठी केमोथेरपी घेणाऱ्या स्त्रियांना ताप आल्यास अँटिबायोटिकचा पहिला डोस प्राथमिक आरोग्य केंद्रातच मिळण्याबाबत

महोदय,

टाटा ट्रस्ट, राज्य शासन आणि जिल्हा खनिज प्रतिष्ठान यांनी मिळून चंद्रपुरात कर्करोगाचे स्वतंत्र रुग्णालय उभे केले, ही दोन्ही जिल्ह्यांसाठी मोठी गोष्ट आहे. स्तनातली गाठ कर्करोगाची निघाली की सावलीची बाई असो वा अहेरीची, तिची वाट आजवर नागपूरच्या तुकडोजी रुग्णालयाकडे, नाहीतर थेट मुंबईच्या टाटाकडे वळायची. 2025च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तर तीन वर्षांत देशातल्या सगळ्या जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची डे-केअर केंद्रे काढण्याची घोषणा झाली. म्हणजे केमो चढवून घेण्यासाठी करावी लागणारी पायपीट हळूहळू कमी होणार. यात खोट काढण्यासाठी हे पत्र नाही. मात्र केमो सहसा 21 दिवसांतून एकदा दिली जाते. सकाळी सलाईन लागते, संध्याकाळी बाई एसटीत बसते. उरलेले वीस दिवस ती आपल्या गावात, आपल्या घरात असते, आणि केमोमुळे जिवावर बेतण्याची वेळ येते ती बहुधा याच वीस दिवसांत. त्या दिवसांचा विचार रुग्णालयाच्या इमारतीने होत नाही. तो आपल्या खात्याला करावा लागेल, आणि तो प्राथमिक आरोग्य केंद्रापासून करावा लागेल, एवढेच या पत्राचे म्हणणे आहे.

आधी त्या वीस दिवसांत शरीरात काय घडते ते पाहू. स्तनकर्करोगात नेहमी वापरली जाणारी जोडी म्हणजे डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फामाइड. तिचे चार फेरे झाले की पॅक्लिटॅक्सेल किंवा डोसिटॅक्सेल. ही औषधे भराभर वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतात आणि अस्थिमज्जेत तयार होणाऱ्या पांढऱ्या पेशीही भराभर वाढणाऱ्याच असतात. त्यातल्या न्यूट्रोफिल या पेशी म्हणजे जंतूंवर पहिल्यांदा तुटून पडणारी फौज. एका घनमिलिमीटर रक्तात त्या 1500 च्या वर असाव्या लागतात. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत त्या तळाला जातात, कधी 500 च्याही खाली, आणि पुढच्या फेरीपर्यंत पुन्हा भरून येतात. या आठवड्यात जंतू शिरला तर नेहमीच्या खुणा दिसत नाहीत. पू होतो तो याच पेशींचा. पेशीच नाहीत तर पू कुठून होणार? जखम सुजत नाही, लघवीच्या तपासणीत फारसे काही सापडत नाही, छातीचा एक्स-रे स्वच्छ येतो. दिसतो तो फक्त ताप, आणि काही तासांत रक्तदाब कोसळतो. पेशींची संख्या जितकी कमी आणि जितके जास्त दिवस ती कमी राहते, तितका जंतुसंसर्गाचा धोका मोठा, हे जेराल्ड बोडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1966 सालीच दाखवून दिले. 1971 मध्ये स्टीफन शिम्फ यांच्या गटाने कल्चरचा अहवाल येण्याची वाट न पाहता तापाच्या नुसत्या चाहुलीवर दोन अँटिबायोटिक सुरू करण्याची रीत मांडली, आणि तीच पुढे जगभर रूढ झाली. आज बहुतेक देशांतल्या मार्गदर्शक सूचना सांगतात की अशी रुग्ण दारात आल्यापासून एका तासात पहिला डोस शिरेत गेला पाहिजे. शिम्फ यांच्या त्या दोन औषधांपैकी एक होते जेंटामायसिन. हे नाव लक्षात असू द्यावे. गडचिरोलीच्या संदर्भात ते पुन्हा येणार आहे.

एक तास, दारात आल्यापासून. पण भामरागडपासून गडचिरोलीच पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास आहे, आणि सिरोंचा त्याहून लांब. दारच इतके दूर असेल तर तास कुठून मोजायचा?

त्यात या दोन जिल्ह्यांत केमोला येणारी बाई अनेकदा आधीच दुबळी असते. रक्त कमी, वजन कमी, कुणाला क्षयरोग होऊन गेलेला, कुणाला मधुमेह, कुणाला एचआयव्ही, कुणाला सिकलसेल. अशा सोबतीच्या आजारांनी किती फरक पडतो याचा चांगला अंदाज अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासातून येतो. निकोल कुडरर आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये तो प्रसिद्ध केला. पांढऱ्या पेशी घटून ताप आला म्हणून दाखल झालेल्या 41 हजारांहून अधिक कर्करुग्णांची त्यात नोंद होती. ज्यांना दुसरा कुठलाही मोठा आजार नव्हता त्यांच्यात रुग्णालयातच मृत्यू होण्याचे प्रमाण 2.6 टक्के होते. एक मोठा आजार सोबत असला की ते 10.3 टक्क्यांवर गेले, आणि एकाहून अधिक असले तर 21 टक्क्यांच्या पुढे. हे आकडे सुसज्ज रुग्णालयांत पोहोचलेल्या माणसांचे आहेत. जी पोहोचलीच नाहीत ती या हिशेबात नाहीत.

यावर सुचणारा पहिला उपाय म्हणजे अशक्त बाईला केमो द्यायचीच नाही, किंवा जरा बेताने द्यायची. हा सल्ला कुटुंबातले देतात आणि कधी कधी डॉक्टरही देतात. त्यामागे कणव असते. पण पुरावा त्याच्या बाजूने नाही. मिलानच्या ज्यानी बोनादोना यांनी 1976 मध्ये शस्त्रक्रियेनंतरच्या केमोने स्तनकर्करोग उलटण्याचे प्रमाण कमी होते हे दाखवले. 1981 मध्ये त्यांनी आणि पिनुच्चा वालागुस्सा यांनी त्याच रुग्णांकडे पुन्हा पाहिले. ठरलेल्या डोसच्या 85 टक्के किंवा अधिक औषध ज्यांना मिळाले होते त्यांना सर्वाधिक लाभ झाला. 65 टक्क्यांपेक्षा कमी मिळालेल्यांची गत केमो न घेतलेल्यांहून फारशी वेगळी नव्हती. ही मागे वळून केलेली पाहणी होती, त्यामुळे जे मुळातच खंगलेले होते त्यांनाच कमी डोस मिळाला असेल अशी शंका घेता येते आणि ती घेतलीही गेली. परंतु नंतरच्या चाचण्यांनीही एका मर्यादेखाली डोस नेला की फायदा हातचा जातो हेच दाखवले. म्हणजे अर्धवट केमो घेणाऱ्या बाईच्या वाट्याला त्रास पुरा येतो आणि गुण अर्धाही येत नाही. प्रत्येक बाईला केमो हवीच असेही नाही. हार्मोनला प्रतिसाद देणाऱ्या गाठी असतात; वय झालेल्या, लिम्फच्या गाठींपर्यंत रोग न पोहोचलेल्या कित्येक स्त्रियांना टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोलची रोजची गोळी पुरते. अशी बाई अशक्त असेल तर केमो टाळणे हा शहाणपणाच आहे. मात्र ते ठरवायचे गाठीच्या रिसेप्टर तपासणीवरून. आपल्याकडे तिन्ही रिसेप्टर नसलेल्या, म्हणजे ट्रिपल निगेटिव्ह गाठींचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त आढळते आणि रोगही कमी वयात गाठतो. त्या बाईला हार्मोनच्या गोळीचा उपयोग नाही. तिच्यापाशी शस्त्रक्रिया, किरणे आणि केमो एवढेच मार्ग आहेत, आणि ती कृश आहे म्हणून त्यातला एक काढून घेणे तिच्यावर उपकार नव्हेत.

दुसरा उपाय म्हणजे पांढऱ्या पेशी वाढवणारे इंजेक्शन, फिलग्रास्टिम किंवा त्याचे दीर्घकाळ टिकणारे रूप पेगफिलग्रास्टिम. ते उत्तम औषध आहे. 2005 मध्ये चार्ल्स व्होगेल यांनी डोसिटॅक्सेल घेणाऱ्या स्तनकर्करुग्णांवर केलेल्या चाचणीत तापाचे प्रमाण 17 टक्क्यांवरून 1 टक्क्यावर आले. ज्यांना धोका जास्त त्यांना ते मिळायलाच हवे, आणि ते मिळवण्यासाठी त्यांना दुकानाच्या पायऱ्या झिजवाव्या लागू नयेत. पण विदर्भात, आणि त्यातही या दोन जिल्ह्यांत, या इंजेक्शनच्या मागे एक धोंड आहे. नागपूर भागात सिकलसेलची नोंद 1958 मध्येच झाली. गोंड, माडिया, परधान आणि पूर्वाश्रमीचे महार या समाजांत त्याचे प्रमाण मोठे आहे. सिकलसेलच्या रुग्णाला, म्हणजे ज्याला आई आणि बाप दोघांकडूनही दोषाचा वारसा आला आहे अशा माणसाला, हे इंजेक्शन दिल्यावर पेशींची गर्दी होऊन रक्तवाहिन्या तुंबण्याचा तीव्र झटका येऊ शकतो; त्यातून मृत्यू झाल्याच्या नोंदी आहेत आणि औषधाच्या माहितीपत्रकात तसा इशाराही छापलेला असतो. वाहकांना सहसा हा धोका नाही. शिवाय सिकलसेलच्या रुग्णाची प्लीहा वारंवारच्या इजेने निकामी झालेली असते, त्यामुळे न्यूमोकॉकससारख्या जंतूंपुढे ती बाई केमोच्या आधीपासूनच उघडी असते. ज्या रुग्णाला या इंजेक्शनची गरज सर्वांत जास्त, तिलाच ते बेधडक देता येत नाही. सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान 1 जुलै 2023 रोजी शहडोलला सुरू झाले तेव्हा तपासणीची मर्यादा चाळीस वर्षांपर्यंत ठेवली गेली. विवाह आणि बाळंतपण डोळ्यांसमोर ठेवून आखलेल्या मोहिमेत ते समजण्यासारखे आहे. पण स्तनकर्करोगाच्या कितीतरी बायका चाळिशी ओलांडलेल्या असतात. तेव्हा चंद्रपूर आणि गडचिरोलीत केमोच्या पहिल्या सलाईनआधी प्रत्येकीची सिकलसेल तपासणी झाली पाहिजे, आणि ती केवळ सोल्युबिलिटी चाचणीवर थांबता कामा नये. वाहक कोण आणि रुग्ण कोण हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीशिवाय कळत नाही.

पहिल्या सलाईनआधी रक्त काढतच आहोत तर आणखी काही गोष्टी त्याच नळीत उरकता येतील. हिपॅटायटिस बीचा विषाणू यकृतात दडून असेल तर केमोच्या काळात तो उसळतो. आधी कळले तर गोळीने आवरता येतो. एचआयव्ही असेल तर केमो थांबवायची गरज नाही, मात्र एआरटीतली कोणती औषधे चालू आहेत ते कर्करोगतज्ज्ञाला माहीत हवे: झिडोवुडिन स्वतःच पांढऱ्या पेशी पाडते, आणि काही जुन्या औषधांमुळे पॅक्लिटॅक्सेल-डोसिटॅक्सेलचा विषार वाढतो. सध्याच्या डोल्युटेग्राव्हिरच्या गोळीने असा घोळ सहसा होत नाही. खोकला रेंगाळत असेल तर क्षयाची तपासणी, आणि केमोसोबत स्टेरॉइड दिले जाते म्हणून पोटातल्या जंतांवर उपचार. हे सगळे आपल्या खात्याच्या वेगवेगळ्या कार्यक्रमांत आजही होते. फक्त त्या कार्यक्रमांची रजिस्टरे एकमेकांशी बोलत नाहीत.

इतके सगळे करूनही ताप येणारच, कमी जणींना येईल एवढेच. तेव्हा आता तो ताप गावात कसा घडतो ते बघितले पाहिजे. केमोच्या दहाव्या दिवशी बाईला हुडहुडी भरते. गडचिरोलीत ताप म्हटला की पहिला संशय मलेरियाचा, आणि राज्यातल्या मलेरियाचा मोठा वाटा याच जिल्ह्याचा असल्याने तो संशय योग्यच आहे. आशाताई किटने रक्त तपासते. किट निगेटिव्ह आले तर साधा ताप म्हणून पॅरासिटामॉल मिळते, आणि ताप उतरला की सगळ्यांना हायसे वाटते. पेशी मात्र तशाच तळाला असतात आणि जंतू वाढत राहतो. किट पॉझिटिव्ह आले तरी धोका संपत नाही, कारण मलेरिया आणि रक्तातला जंतुसंसर्ग एकाच वेळी असू शकतात, आणि मलेरियाची गोळी दुसऱ्याचे काहीच बिघडवत नाही. काही ठिकाणी बोगस डॉक्टर डायक्लोफेनॅक आणि डेक्सामेथासोन एकत्र टोचून मोकळा होतो. त्याने ताप झाकला जातो, आणि प्लेटलेट कमी असल्या तर टोचलेल्या जागी रक्त साकळते. माडिया गावांत पाळीच्या दिवसांत बाई कुर्माघरात, म्हणजे घराबाहेरच्या वेगळ्या झोपडीत, असेल तर तिचा ताप घरच्यांच्या लक्षात यायलाच दिवस जातो. या साखळीत कुणीही दुष्ट नाही, आणि बोगस डॉक्टर सोडला तर कुणी चुकतही नाही. आशाताईने शिकवले तसेच केले. केमोच्या बाईचा ताप वेगळा असतो हे तिला कुणी शिकवलेले नाही, एवढेच.

तिला शिकवून उपयोग होईल का? याचे उत्तर शोधायला दूर जावे लागत नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 1995 पासून गडचिरोलीतल्या 39 गावांत, बाजूच्या 47 गावांशी तुलना करत, घरोघर जाऊन नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातल्याच बेताच्या शिकलेल्या स्त्रियांना बाळाच्या जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखायला शिकवले, आणि लक्षणे दिसताच जेंटामायसिनचे इंजेक्शन व तोंडाने कोट्रायमॉक्सॅझोल द्यायला. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले: तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी कमी झाला होता, आणि जंतुसंसर्ग झालेल्या बाळांमधले मृत्यूचे प्रमाण 16.6 टक्क्यांवरून 2.8 टक्क्यांवर आले होते. त्या वेळी तज्ज्ञांचे आक्षेप काही कमी नव्हते. अडाणी बायकांच्या हाती सुई देता, असा सूर होता. पुढे 2011 मध्ये केंद्र सरकारने आशांच्या घरभेटींचा देशव्यापी कार्यक्रम याच पायावर आखला, जरी इंजेक्शनचा भाग वगळून. आणि 2014 मध्ये एएनएमना बाळाच्या जंतुसंसर्गात जेंटामायसिन देण्याची मुभा दिली. म्हणजे तापाचे गांभीर्य ओळखणे आणि पहिला डोस देऊन मग पुढे पाठवणे, या दोन्ही गोष्टींना आपल्याच व्यवस्थेने मान्यता दिलेली आहे. रुग्ण फक्त बदलला आहे.

यावर कुणी म्हणेल की नवजात बाळाचा अनुभव केमोच्या बाईला जसाच्या तसा लावता येत नाही. खरे आहे. जंतू वेगळे, औषध वेगळे, धोका वेगळा. मी त्या प्रयोगातून औषध उचलत नाही, रचना उचलतो आहे. तिथे सिद्ध झाले ते असे की जीव वाचवणारा पहिला तास रुग्णालयाच्या भिंतीबाहेर नेता येतो, आणि नेमके काय पाहायचे हे ठरवून दिले तर साधा कार्यकर्ता ते बिनचूक पाहू शकतो. बाळाच्या बाबतीत जी लक्षणे पाहावी लागतात ती केमोच्या तापापेक्षा कितीतरी अवघड आहेत: दूध ओढत नाही, रडणे क्षीण झाले, हातपाय ढिले पडले. केमोच्या बाईसाठी एक थर्मामीटर आणि एक तारीख पुरते. तोंडात धरलेल्या थर्मामीटरवर एकदा जरी 101 फॅरनहाइट, किंवा तासभर 100.4, आणि शेवटच्या केमोला तीन आठवडे झालेले नाहीत. एवढे जुळले की निघायचे. काखेत धरला तर आकडा थोडा कमी येतो, म्हणून तिथे 100 लाच धोक्याची घंटा समजावी. थर्मामीटर आशाताईच्या पिशवीत आधीपासून आहे, बाळांसाठी दिलेला. बाळाच्या घरी ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी जातेच. तशाच भेटी केमोच्या बाईकडे सातव्या, दहाव्या आणि चौदाव्या दिवशी ठरवून द्याव्यात, आणि बाळाच्या भेटींना मिळतो तसा त्यांचा मोबदलाही. आशांच्या डोक्यावर फुकटचे आणखी एक काम, असे याचे होऊ नये.

पुढचे पाऊल प्राथमिक आरोग्य केंद्राचे. केमो देणाऱ्या रुग्णालयाने प्रत्येकीला एक कार्ड द्यावे. ब्रिटनमध्ये केमोचा प्रत्येक रुग्ण असे इशारा-कार्ड जवळ बाळगतो आणि त्यावर चोवीस तास चालणारा फोन नंबर असतो. आपल्या कार्डावर केमोची तारीख, औषधांची नावे, पेनिसिलिनची ॲलर्जी आहे का, सिकलसेलचा निकाल, किडनीची स्थिती आणि ताप आल्यास कोणते इंजेक्शन किती द्यायचे हे ठळक लिहिलेले असावे. म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरला विचार करत बसावे लागणार नाही. नुकता रुजू झालेला बंधपत्रित डॉक्टर असला तरी कार्ड वाचून सुई लावेल. कोणते औषध ते तज्ज्ञांनी ठरवावे. दिवसातून एकदाच द्यायची सेफ्ट्रिॲक्सोन आणि अमिकासिन ही जोडी, दिवसातून अनेकदा द्याव्या लागणाऱ्या जोडीइतकीच परिणामकारक ठरल्याचे युरोपातल्या एका मोठ्या चाचणीने 1993 मध्ये दाखवले होते. जंतूंचा प्रतिकार आज त्या वेळेपेक्षा फार वाढला आहे, त्यामुळे पुढचे उपचार अधिक ताकदीच्या औषधांनीच व्हायला हवेत. पण 108ची गाडी येईपर्यंत जे शिरेत जायचे ते ही जोडी असू शकते, आणि ग्रामीण रुग्णालयात पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम ठेवता येते. पेशी मोजण्याची वाट पाहू नये. तारीख आणि ताप जुळले तर डोस द्यावा, पेशी नंतर मोजाव्यात. आणि अक्षरांवर सगळी भिस्त ठेवू नये. सिरोंच्यात तेलुगू, मुलचेऱ्यात बंगाली, कोरचीत छत्तीसगढी, भामरागडात माडिया बोलणाऱ्या बायकांना मराठी कार्डाचा उपयोग थर्मामीटरच्या चित्रापुरताच आहे. त्यांना ते त्यांच्या बोलीत तोंडाने सांगणारे कुणीतरी डिस्चार्जच्या वेळी समोर हवे.

अँटिबायोटिकच्या गैरवापराचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, म्हणून त्याचे उत्तर नीट द्यायला हवे. जंतूंचा प्रतिकार ही खरी आपत्ती आहे आणि खात्याने नवीन दार उघडताना बिचकावेच. पण इथे दार फक्त कार्ड असलेल्या बाईसाठी आणि केमोनंतरच्या तीन आठवड्यांतल्या तापासाठी उघडते. एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीत अशा स्त्रिया वर्षाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असतील. अँटिबायोटिकची जी उधळण औषधदुकानांत सर्दी-पडशावर रोज चालते तिच्यापुढे हा वापर नगण्य आहे, आणि जंतुसंसर्गाने मरण्याची सर्वाधिक शक्यता ज्यांना आहे त्यांच्यावरच काटकसर सुरू करणे हा उफराटा न्याय होईल. याच थोड्या संख्येवरून उलटा आक्षेपही घेतला जातो: इतक्या कमी रुग्णांसाठी सगळ्या केंद्रांना कशाला कामाला लावता, शिकलेले विसरून जातील. म्हणून तर शिकवण कार्डावर ठेवायची, माणसाच्या स्मरणावर नाही. सर्पदंशावरची लस प्रत्येक केंद्रात असते, रुग्ण मात्र क्वचित येतात. लस टोचून मगच गडचिरोलीला किंवा चंद्रपूरला पाठवतात, आणि लस दिली म्हणून कुणी घरी परत जात नाही. डोस मिळाल्यावर बाई निवांत होऊन घरीच थांबेल, या शंकेचे उत्तरही तिथेच आहे. पहिला डोस हे पुढे जाण्याचे तिकीट आहे, हे कार्ड देतानाच घरच्यांना समजावून सांगता येते. ज्यांचा धोका खरोखर कमी आहे अशांना तोंडाने घ्यायच्या अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलेनेट आणि सिप्रोफ्लॉक्सासिनवर ठेवता येते, हे 1999च्या दोन चाचण्यांनी दाखवले. पण धोका कमी आहे हे ठरवायलाही कुणीतरी अनुभवी डॉक्टरने तपासायला हवे, आणि जी आधीच दुबळी आहे तिला या गटात घालण्याची घाई करू नये.

काही जण म्हणतील, त्यापेक्षा केमोचे चार-पाच महिने बाईला चंद्रपुरातच ठेवा. धर्मशाळा बांधा. धर्मशाळा हवीच, पण चार-पाच महिने घर सोडून राहणे शेतमजूर बाईला जमत नाही. रोवणीच्या दिवसांत मजुरी बुडते, मोहफुले वेचण्याचा हंगाम तर वर्षात एकदाच येतो, आणि सक्ती केली तर ती तिसऱ्या फेरीनंतर येणेच थांबवेल. तरीही पावसाळ्याचा विचार वेगळा करावा लागेल. पर्लकोटेच्या पुलावरून पाणी गेले की भामरागडचा संपर्क तुटतो, आणि मग केंद्रात औषध असून भागत नाही. अशा तालुक्यांतल्या बाईला जून ते सप्टेंबरमधल्या फेऱ्यांनंतर सातव्या दिवसापासून चौदाव्या दिवसापर्यंत नदीच्या अलीकडे, रुग्णालयाच्या आवाक्यात मुक्काम मिळावा. आदिवासी भागात गरोदर स्त्रियांसाठी ‘माहेरघर’ योजना आपल्याच खात्याची आहे. सोबतच्या नातेवाइकाची बुडीत मजुरी भरून देण्याचा विचारही तिच्यात आहे. तिचे दार या स्त्रियांसाठी उघडायला नवी योजना लागत नाही, एक शासन निर्णय पुरेल. आणि मुक्कामात त्यांना नीट जेवू द्यावे. केमोवाल्या बाईला अंडी, मासे, पालेभाजी बंद करण्याचा सल्ला इतक्या ठिकाणी दिला जातो की त्याबद्दल इथेच लिहिणे भाग आहे: पांढऱ्या पेशी कमी असताना असे पथ्याचे जेवण दिल्याने जंतुसंसर्ग कमी होतो, हे चाचण्यांत दिसलेले नाही. चांगले शिजवलेले आणि हात धुऊन वाढलेले असावे, पाणी उकळलेले असावे. आधीच वजन घटलेल्या बाईच्या ताटातून अंडे काढून घेण्याने तिचे भले होत नाही.

पैशांचा प्रश्न असेल असे वाटत नाही. केमोचा खर्च महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून निघतो. कार्ड, इंजेक्शनचा साठा, आशांचा मोबदला आणि फोनवर चोवीस तास बसणारी दोन-चार प्रशिक्षित नर्स एवढाच वाढीव भार आहे, आणि दोन्ही जिल्ह्यांत खनिज प्रतिष्ठानचा निधी आहे. आरोग्य हा त्या निधीच्या अग्रक्रमाच्या विषयांपैकी एक. चंद्रपूरच्या कोळशाने रुग्णालयाला हातभार लावला. सुरजागडच्या लोहखनिजाला एटापल्ली आणि भामरागडच्या आरोग्य केंद्रांत काही वायल ठेवणे जड जाऊ नये.

तेव्हा आपणाकडे मागणे असे आहे. येत्या पावसाळ्याआधी दोन्ही जिल्ह्यांत हे कार्ड आणि पहिल्या डोसची सोय सुरू करण्याचा आदेश काढावा, आणि त्यासोबत एकच आकडा नोंदवायला लावावा: केमोच्या प्रत्येक बाईला ताप चढल्याचे कळल्यापासून पहिले अँटिबायोटिक शिरेत जाईपर्यंत किती वेळ गेला. किती कार्डे वाटली, किती प्रशिक्षणे झाली याचे अहवाल आपोआप तयार होतात. हा आकडा कुणी मागितल्याशिवाय तयार होत नाही. तो दर तिमाहीला दोन्ही जिल्हा शल्यचिकित्सकांकडून आपल्या टेबलावर यावा आणि जिल्हा परिषदेच्या सभेतही ठेवला जावा. त्यात तालुकेही वेगळे दाखवावेत, कारण वडसा आणि भामरागड यांची सरासरी काढली तर भामरागड त्यात दिसेनासा होतो.

कळावे,
चंद्रपूर